चौकड्यांचे जॅकेट घरच्या मशीनवर

‘‘एवढ्या उकाड्यात जॅकेट कशाला?’’

गुम्मिडिपूंडीसारख्या गावी एखाद्या मराठी घरात जॅकेट शिवायला काढले, तर पहिला प्रश्न हाच येणार. विचारणाऱ्याचे फारसे चुकते असेही नाही. चेन्नईच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळचे हे गाव. भर पौषातही पहाटेचा पारा २० अंशांच्या फार खाली जात नाही. महाराष्ट्रातून बदलून आलेल्या बिऱ्हाडाचे स्वेटर तिथे ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांसोबतच राहतात.

पण सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाण्यासाठी जो अंधारातच स्कूटर बाहेर काढतो, त्याला विचारून पाहावे. तिथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. ईशान्येकडून, समुद्रावरून येणारा ओला वारा महामार्गावर छातीवर बसतो. शिवाय डिसेंबरात सुटी काढून गावी निघायचे असते. संध्याकाळी चेन्नईहून नुसत्या शर्टावर गाडीत बसलेला मुलगा, गाडी रात्रीतून दख्खनच्या पठारावर चढली की आईच्या पदरात शिरतो. तिथे लोकर नको असते आणि जाड अस्तरही नको असते. हवे असते ते साधे, एकेरी, सुती, समोर चेन असलेले जॅकेट. नेमके तेच तयार कपड्यांच्या दुकानात सहजी मिळत नाही. मिळतात ती बहुतेक पॉलिएस्टरची. घाम आला की ती पाठीला चिकटतात.

असे जॅकेट घरच्या साध्या मशीनवर शिवता येते. पाय मारायची जुनी काळी सिंगर असो किंवा १९३०च्या दशकापासून कलकत्त्यात बनू लागलेली उषा असो, सरळ टीप नीट पडत असेल तर पुरे. ज्यांना परकर, ब्लाउज, मुलांचे झबले-टोपडे येते, त्यांच्या आवाक्यातलेच हे काम आहे. तरी पुष्कळ जणी जॅकेटचे नाव काढले की मागे सरतात, आणि त्याचे कारण म्हणजे ती समोरची चेन. खरे म्हणजे चेन बिघडली तर उसवून पुन्हा लावता येते. जे पुन्हा करता येत नाही ते त्याच्या बरेच आधी होऊन गेलेले असते, मशीनला हात लावण्यापूर्वी, जमिनीवर कापड पसरून कात्री हातात घेतली जाते त्या घटकेला. बोनसच्या पैशातून आणलेले अडीच मीटर हातमागाचे कापड एकदा चुकीचे कापले गेले की उशीचे अभ्रे शिवण्यापलीकडे त्याचे काही होत नाही.

म्हणून सुरुवात कापडापासूनच करावी.

जे कापड तिथलेच

गुम्मिडिपूंडीच्या पूर्वेला, समुद्राकाठी, पुलिकत आहे. तामीळ लोक त्याला पळवेर्काडू म्हणतात. आज हे नाव निघते ते खाडीसाठी आणि हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी. पण सतराव्या शतकात ते डच व्यापाऱ्यांचे मोठे ठाणे होते. त्यांनी १६१३ मध्ये तिथे गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला, आणि त्यांना त्या किनाऱ्यावर हवे होते ते मुख्यतः कापड. रंगीत सुताच्या चौकड्यांचे तिथले रुमाल इतके दूरवर गेले की इंग्रजीत अशा कापडालाच ‘पुलिकत’ म्हणू लागले. पुढे इंग्रजांचा व्यापार मद्रासला वाढला आणि चौकडीच्या सुती कापडाचे नाव ‘मद्रास’ पडले. ते आजही जगभर चालते. नायजेरियातल्या कलाबारी लोकांत हे कापड पिढ्यान्‌पिढ्या मानाचे समजले जाते, तर अमेरिकेत त्याची उन्हाळी जॅकेटे शिवतात. म्हणजे उकाड्यात जॅकेट कशाला, या प्रश्नाला उत्तर तिथल्याच मागावर विणले गेले होते.

या अमेरिकन जॅकेटांची एक गोष्ट कापडाच्या धंद्यातले लोक आवडीने सांगतात, आणि शिवणाऱ्या प्रत्येकीने ती ऐकण्यासारखी आहे. १९५८ मध्ये विल्यम जेकबसन नावाचे एक अमेरिकन व्यापारी मद्रासला आले. तिथे त्यांनी कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याकडून चौकडीचे कापड घेतले. हेच नायर पुढे मुंबईत ‘लीला’ हॉटेल उभारणारे म्हणून प्रसिद्ध झाले. या कापडाचे रंग कच्चे आहेत, ते थंड पाण्यात, जपून, वेगळे धुवावे लागेल, असे नायर यांनी बजावले होते म्हणतात. पण ती सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलीच नाही. कापड ब्रूक्स ब्रदर्स या नामांकित दुकानाकडे गेले, त्याचे कपडे शिवले गेले, विकलेही गेले. लोकांनी ते मशीनमध्ये इतर कपड्यांबरोबर धुतले आणि रंग सगळीकडे पसरला. मोठी ओरड झाली. मग कुणाच्या तरी डोक्यातून युक्ती निघाली की दोष लपवण्यापेक्षा तोच मिरवावा. ‘रंग जाणारच, हमी आहे’ अशा धर्तीची जाहिरात झाली, आणि दर धुण्यागणिक रंग एकमेकांत मिसळून मऊ होणारे कापड म्हणून त्याची फॅशनच झाली.

व्यापाऱ्याला ते जमले. घरी शिवणारीला अशी जाहिरात करता येत नाही. चौकडीतला तांबडा पांढऱ्या कॉलरवर उतरला तर ‘फॅशन आहे’ म्हणून मुलाला समजावून पाहावे!

तेव्हा कापड आणले की पहिले काम म्हणजे ते धुणे. चेन्नईचा वॉशरमनपेट हा भाग, तामीळमध्ये वण्णारपेट्टै, कंपनीचे कापड धुणाऱ्या आणि उजळणाऱ्या धोब्यांच्या वस्तीवरूनच त्या नावाचा झाला. विकण्याआधी कापड धुवून घेणे हा त्या काळी एक स्वतंत्र धंदा होता. आज तिथल्या एम. सी. रोडवर कापडाची दुकाने ओळीने आहेत, आणि धुण्याचे काम मात्र कापड घेणारीवर आले आहे.

आधी एका कोपऱ्यातून दोन बोटांचा तुकडा कापावा, ओला करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वजनाखाली ठेवावा. फडक्यावर डाग उमटला तर कापड वेगळ्या बादलीत साध्या थंड पाण्यात रात्रभर भिजवावे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहावे. पाण्यात मूठभर मीठ टाकले की रंग पक्का होतो, असे घरोघर सांगतात. पण मिठाचा उपयोग होतो तो कापड रंगवताना. रंगवून, विणून, विकत आणलेल्या कापडाचा कच्चा रंग बादलीतल्या मिठाने धरून राहत नाही. तीन-चार पाण्यांनंतरही रंग जातच असेल, तर त्या कापडाचे जॅकेट शिवावे, पण ते कायम वेगळे धुण्याच्या तयारीनेच, आणि त्याला पांढरी पट्टी कुठेही लावू नये.

रंग पक्का असला तरीही कापड धुवायचेच, कारण ते आटते. हातमागाचे सुती कापड शेकडा चार-पाच सहज आटते, सैल विणीचे असेल तर जास्तही. शेकडा पाच म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण ४३ इंच घेर असलेल्या जॅकेटचे दोन इंच जातात आणि २३ इंचांच्या बाहीचा एक इंच. याहून मोठी फजिती समोर होते. हल्लीच्या चेनची पट्टी पॉलिएस्टरची असते, ती आटत नाही. कापड आटले आणि चेन होती तेवढीच राहिली, तर पहिल्याच धुण्यानंतर जॅकेटच्या समोर गळ्यापासून खालपर्यंत लाटा उठतात. अशी जॅकेटे पाहिली की लोक म्हणतात, चेन नीट लावली नाही. चेन बिचारी नीटच लावलेली असते. म्हणून कापड एकदा नव्हे, दोनदा धुवावे, सावलीत वाळवावे, आणि थोडे दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी.

कापड किती घ्यावे? छाती ३६ इंच, जॅकेटची उंची २५ इंच आणि बाही २३ इंच धरली, तर ११२ सेंटिमीटर पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड पुरते. चौकड्या जुळवायच्या असतील तर पावणेतीन घ्यावे. पन्हा ९० सेंटिमीटरचा असेल तर साधारण आणखी मीटरभर लागेल. तामिळनाडूच्या विणकरांची सहकारी संस्था को-ऑप्टेक्स १९३५ पासून हातमागाचे कापड विकते आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना खादी भांडारातले जाडसर कापड किंवा साधे सुती ड्रिलही चालेल. लुंगीचे पातळ कापड मात्र घेऊ नये, ते चेनचे वजन पेलत नाही.

कागदावर आधी, कापडावर नंतर

जॅकेटचा बेत स्वतः आखता येत असेल तर उत्तमच. पण पहिल्या खेपेला तयार कागदी पॅटर्न घेणे शहाणपणाचे, कारण जॅकेटचा मुंढा आणि बाही ब्लाउजसारखी अंगाला चिकटलेली नसते आणि तिचा अंदाज चटकन येत नाही. मापवार कागदी पॅटर्न विकण्याची कल्पना अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याची, १८६३ सालची. त्यांच्या पत्नी एलेन मुलासाठी कपडा बेतायला बसल्या होत्या, हाताशी असलेला नमुना एकाच मापाचा, आणि तो वाढवता-घटवता त्या कंटाळल्या, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. त्यांच्यासमोर पसरलेले कापडही म्हणे चौकडीचेच होते.

पॅटर्न हातात आला की सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी, आणि ती पाहिल्याशिवाय कात्री उचलू नये. शिलाईसाठी सोडायचे जास्तीचे कापड, म्हणजे माया, कागदात धरलेली आहे की नाही? बटरिक, सिम्प्लिसिटी अशा अमेरिकन पॅटर्नमध्ये बहुधा दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. बर्डा या जर्मन मासिकाच्या घडीच्या कागदांवर ती धरलेली नसते. आपल्याकडच्या मासिकांत आणि शिवणक्लासच्या वह्यांत बेत बहुतेक वेळा निव्वळ मापाचा असतो. माया नसलेला पॅटर्न आहे तसाच कापला, तर दोन बाजू, दोन खांदे आणि समोरचा काठ मिळून जॅकेट एक माप लहान होते. शिवताना ते कळत नाही, अंगात घालताना कळते.

हल्ली पॅटर्न संगणकावरून छापूनही घेतात. साध्या आकाराचे पंचवीस-तीस कागद झेरॉक्सच्या दुकानातून आणायचे आणि जुळवून चिकटवायचे. अशा पहिल्या कागदावर एक लहान चौकोन आखलेला असतो आणि त्याचे माप लिहिलेले असते. तो पट्टीने मोजावा. छपाईच्या वेळी ‘कागदात बसवा’ हे बटण दाबले गेले असेल तर चौकोन काही मिलिमीटर लहान निघतो, आणि तेवढ्याच प्रमाणात सगळे जॅकेट लहान निघते.

माप निवडताना पाकिटावरच्या अक्षरांकडे पाहू नये. तयार जॅकेटचा घेर किती, ते पाहावे. शर्टावर घालायच्या साध्या जॅकेटला छातीच्या मापापेक्षा सहा ते आठ इंच सैलपणा लागतो. छाती ३६ असेल तर जॅकेट ४२ ते ४४. घरात ज्याला नीट बसते असे एखादे जुने जॅकेट किंवा सैल शर्ट असेल, तर तो जमिनीवर पसरून त्याच्याशी कागद ताडून पाहावा. याहून चांगली परीक्षा नाही.

आता थोडे कंटाळवाणे काम. जुन्या चादरीचा किंवा धोतराचा कच्चा नमुना कापून, मोठ्या टाक्यांनी जोडून, ज्याचे जॅकेट त्याच्या अंगावर घालून पाहावे. मशीनवर तासाभराचे काम आहे. हात पुढे करायला लावावेत, स्कूटरचे हँडल धरल्यासारखे. पाठीत ओढ बसली किंवा बाही मनगटावरून दोन इंच वर सरकली, तर ते आत्ताच दिसलेले बरे. हात वर केल्यावर सगळे जॅकेट कमरेवरून उचलले जात असेल, तर मुंढा फार खोल आहे. मुंढा जितका खोल तितके जॅकेट मोकळे, असे वाटते, पण होते उलट. खोल मुंढ्याने हात अडतो. सुधारणा चादरीवर करावी आणि कागदावर उतरवावी.

ही पायरी टाळणाऱ्या पुष्कळ असतात. चांगले शिंपीही ती टाळतात, कारण त्यांच्या हातांखालून शेकडो अंगे गेलेली असतात. ओव्हरलॉकसाठी किंवा काजे करून घेण्यासाठी तिकडे एखाद्या शिंप्याच्या दुकानात गेले आणि तो अचानक जुन्या वळणाचे मराठी बोलू लागला, तर आश्चर्य वाटू देऊ नये. संत नामदेवांच्या शिंपी समाजातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तामिळनाडूत आहेत आणि घरात मराठीच बोलतात. अशा माणसाला पहिल्या जॅकेटचा कागद दाखवण्यात कमीपणा मुळीच नाही.

चौकडी बेतताना

कागदावर एक लांब बाण असतो. तो कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर ठेवायचा. चौकडीत हे सोपे जाते, कारण धागा डोळ्यांना दिसतो. अवघड जाते ते घडीवर कापणे. घडी घातली की खालची चौकडी वरच्या चौकडीच्या बरोबर खाली राहतेच असे नाही. म्हणून पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या एकेरी कापडावर, एकेक करून कापाव्यात. पुढचा डावा भाग कापून झाला की तोच उलटा करून कापडावर ठेवावा. रेघांवर रेघा आल्या की तो जवळजवळ दिसेनासा होतो. मग त्याच्याभोवती उजवा कापावा.

समोरचा काठ चौकडीत नेमका कुठे येतो याला महत्त्व आहे. तो एका चौकोनाच्या बरोबर मध्यावर धरला, तर चेन लावल्यावर दोन अर्धे मिळून चौकोन पूर्ण झाल्यासारखा दिसतो. चौकडीचा क्रम डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखा नसेल, तर उभ्या रेघांचा नाद सोडावा आणि फक्त आडव्या जुळवाव्यात. पाहणाऱ्याची नजर आडव्या रेघेवरच जाते.

बाहीवरची आडवी रेघ मुंढ्याच्या पुढच्या खुणेशी जुळली की पुरे. मागे आणि खांद्यावर सगळे जुळणार नाही, कुणाचेच जुळत नाही. खिशाला शिंप्यांची एक जुनी युक्ती आहे. खिसा उरेप, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापायचा. चौकडी तिरकी पडते, जुळवण्याचा प्रश्नच राहत नाही आणि दिसतोही झोकदार. उरेप कापड ताणले जाते म्हणून आतून सरळ धाग्याचा एक तुकडा लावायला विसरू नये. नाहीतर महिन्याभरात खिसा पिशवीसारखा लोंबतो.

चेन

जॅकेटला लागते ती खालून पूर्ण सुटणारी चेन. शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये हुकांची एक सरकती साखळी तयार केली होती, पण ती वारंवार अडकायची किंवा आपोआप उघडायची. आज दिसते तशी दातांची चेन स्वीडनमध्ये जन्मलेल्या गिडिअन सुंडबॅक यांनी १९१३च्या सुमारास सिद्ध केली. ‘झिपर’ हे नाव त्यानंतर दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी वापरले. मराठीत आपण तिला साखळी म्हटले नाही, चेन म्हटले.

दुकानात चेन नंबरावर मिळते. मिटलेल्या दातांची रुंदी साधारण जितके मिलिमीटर तितका तिचा नंबर. तीन नंबर पर्सला आणि ड्रेसला, पाच नंबर जॅकेटला. समुद्राकाठच्या हवेत, आणि हे कोकणातल्या वाचकांनाही लागू आहे, धातूची चेन लवकर काळवंडते, हलकी असेल तर गंजून अडकते. जाड प्लॅस्टिकच्या दातांची घ्यावी. रनरसाठी मात्र दोन पैसे जास्त द्यावेत, कारण चेन बिघडते ती दातांनी नव्हे, रनर सैल पडल्याने. लांबी सहसा दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळते. अचूक लांबी मिळाली नाही तर मोठी घ्यावी. खालची पिन आणि खोबणी कधीच कापायची नसते. कापायची ती वरच्या टोकाला, तिथले दोन-चार दात पकडीने काढून, आणि जाड दोऱ्याचे आठ-दहा टाके एकावर एक घालून रनरला अटकाव करून.

शिवण्याचा क्रम असा ठेवला की काम हलके होते. पुढचे भाग सुटे आणि सपाट आहेत तोवर त्यांवर खिसे लावावेत. मग खांदे जोडावेत. बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोडावी, आणि नंतर मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खालपर्यंत एकाच टिपेत बाजू बंद करावी. कापड मध्यम असेल तर १४ नंबरची सुई, ड्रिल असेल तर १६. टीप इंचाला दहा. आतले काठ दुमडून वरून दुसरी टीप घालावी, म्हणजे अस्तर नसले तरी जॅकेट आतून स्वच्छ दिसते.

कॉलर उभ्या पट्टीची, अडीच इंच उंच ठेवावी. पहिल्या जॅकेटला तीच बरी, कारण चेन सरळ तिच्या टोकापर्यंत जाते आणि गळ्याशी वळण घ्यावे लागत नाही. कॉलरची बाहेरची पट्टी गळ्याला जोडून झाली की चेनची पाळी.

समोरच्या दोन्ही काठांना आतून चिकटणाऱ्या कॅनव्हासची इंचभर पट्टी इस्त्रीने चिकटवावी. त्याने कापड लांबत नाही. मग चेन मिटवूनच डाव्या भागावर ठेवावी, पिनेचे टोक जॅकेटच्या तयार कडेपासून तसूभर वर, म्हणजे खाली टोचणार नाही. सुलट बाजूवर चेनचे तोंड खाली करून डावी पट्टी कच्च्या टाक्याने जोडावी. टाचण्यांवर विसंबू नये, टाचण्यांमध्ये कापड फुगते. चेन ओढून लावू नये. कापड किंचित सैल आणि चेन सरळ, असे असावे.

आता खरी किल्ली. डावी बाजू कच्ची लावून झाली की चेन मिटलेलीच ठेवावी, आणि डाव्या भागावरची प्रत्येक ठळक आडवी रेघ, खिशाची वरची कड आणि कॉलरची शिलाई जिथे चेनला भेटते, तिथे चेनच्या उजव्या पट्टीवर खडूने खूण करावी. मग चेन उघडून उजवा भाग त्या खुणांवर रेघ-रेघ जुळवत कच्चा लावावा. पुन्हा मिटवून पाहावी. रेघा जुळल्या, गळ्याशी दोन्ही टोके समान आली, तरच मशीनकडे जावे. एक सूतभरही फरक असेल तर तो आत्ता काढावा. हा कच्चा दोरा दहा मिनिटांत निघतो, मशीनची टीप उसवायला संध्याकाळ जाते.

मशीनवर चेन लावायला वेगळा अरुंद पाय मिळतो, तो अवश्य घ्यावा. दोन्ही बाजूंची टीप खालून वर अशी एकाच दिशेने मारावी. एक बाजू खालून वर आणि दुसरी वरून खाली मारली, तर मशीन कापडाला दोन उलट दिशांना सरकवते आणि इतक्या कष्टाने जुळवलेल्या रेघा हलतात. रनर आड आला की सुई कापडात रोवून, पाय उचलून, रनर मागे सरकवून पुढे जावे. नंतर आतली अडीच इंची पट्टी चेनवर सुलट बाजूने ठेवून त्याच टिपेवर दुसरी टीप मारावी, खालची कडही तिथेच बंद करावी, आणि उलटवून बाहेरून काठापासून पाव इंचावर एक टीप घ्यावी. कॉलरच्या टोकाशी चेनच्या पट्टीचे उरलेले टोक तिरके दुमडून शिलाईत दाबावे. तसेच सोडले तर ते हनुवटीला टोचते, आणि मूल जॅकेट घालायला कुरकुर करते ते बहुधा याच कारणाने.

शेवटी कॉलरची आतली बाजू हातशिलाईने बसवावी. खालची कड दीड इंच आणि बाहीची एक इंच दुमडून टीप मारावी. बाहीला इलॅस्टिक घालायचा मोह होईल. स्कूटरसाठी ते ठीक आहे, पण उकाड्यात मनगटाला ते नकोसे होते. साधी दुमड असली की बाही वर सरकवता येते.

तयार जॅकेट धुताना चेन मिटवून, उलटे करून धुवावे. दात अडखळू लागले तर त्यांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवावा. आणि कापताना उरलेले चौकडीचे तुकडे टाकू नयेत. पुढच्या वर्षी मुलाची उंची वाढली की बाहीच्या टोकाला जोडायला तेच लागतील.